स्प्लेंडरचा क्लच चढाला सरकतोय. ऑइल कुठलं घालू, आणि बिलातला ‘ऑइल फिल्टर’ नक्की असतो कुठे?

जांबोटीरोड (खानापूर)

नमस्कार. गाडी आप्पांची. २०११ ची स्प्लेंडर प्लस, केए-२२ पासिंग, ७८ हजार किलोमीटर झालेली. आप्पांचे गुडघे दुखायला लागल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, मीच चालवते. राहायला खानापुरात, शाळा जांबोटीच्या पुढे. येऊन-जाऊन रोज ५०-५५ किलोमीटर होतात आणि शेवटचा टप्पा जंगलातला चढाचा.

गेल्या महिन्यात चुलतभावाने त्याच्या कारचं ऑइल बदललं. डब्यात लिटरभर उरलं होतं. “फुल्ली सिंथेटिक हाय ताई, लई भारीतलं. घाल की तुझ्या गाडीत, लोण्यासारखी चालंल.” आप्पांच्या गाडीत चांगलंच काहीतरी जावं असं मलाही वाटलं. पहिले दोन दिवस गाडी खरोखर मऊ चालली, गिअर हलके पडायला लागले. तिसऱ्या दिवशी मागे आमच्या अंगणवाडीच्या बाई आणि मध्ये वह्यांचा गठ्ठा होता. चढाला अ‍ॅक्सिलरेटर पिळला तर इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागची पुढे जायला तयार नाही. बाईंना उतरून चालत यावं लागलं, तेही पावसात. सपाटीला आल्यावर परत सगळं नीट.

एका गॅरेजमध्ये दाखवली. न उघडताच “क्लच प्लेटा गेल्या, १८०० होतील” असं सांगितलं. मी गाडी तशीच परत आणली.

डब्यावर काय लिहिलंय ते उतरवून ठेवलंय: ५डब्ल्यू-३०, एपीआय एसएन, आणि मागच्या गोल शिक्क्यात खालच्या बाजूला ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’.

मागच्या सर्व्हिसिंगच्या बिलात ‘ऑइल फिल्टर १४० रुपये’ आहे. शाळेतले एक सर म्हणतात, स्प्लेंडरला ऑइल फिल्टर नसतोच. मग ते १४० कशाचे?

आणखी एक. परवा ऑइलची पट्टी काढून बघितली तर टोपणाच्या आतल्या बाजूला पांढरट साय धरल्यासारखं दिसलं. पाणी गेलंय का आत?

निपाणीपल्सर

ताई, २०डब्ल्यू-५० घाला आणि मोकळ्या व्हा. माझ्या पल्सर १५० ला नऊ वर्षं तेच घालतोय. तवंदी घाट डबल सीट चढते, कधी कुरकुर नाही. जाड ऑइल म्हणजे इंजिनाला गादी. पातळ ऑइल जुन्या गाडीला नकोच.

उद्यमबागलेथ (वडगाव, बेळगाव)

बाई, आधी १८०० रुपये खिशात ठेवा. प्लेटा गेल्या असतीलही, पण उघडल्याशिवाय ते कुणालाच सांगता येणार नाही. तुमचा रोग तुम्हीच लिहिलाय, त्या गोल शिक्क्यात.

मी ३१ वर्षं उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, लेथवर काढली. आता घराच्या पुढच्या पडवीत गाड्या बघतो, दिवसाला दोन, जास्त घेत नाही. सुरुवातीला आम्हाला एक जुनी लेथ होती, सपाट चामडी पट्ट्यावर चालणारी. पट्ट्यावर चुकून तेल सांडलं की वरची पुली गरगर फिरायची आणि चक, म्हणजे जॉब धरून फिरवणारा जबडा, मात्र जॉबला टूल लागताच थांबायचा. मोटार चालूच. हलका कट घेतला तर चालायचं, जड कट घेतला की पट्टा घसरला. तुमची गाडी सपाटीला नीट चालते आणि चढाला ओरडते, ती तीच गोष्ट.

कारमध्ये क्लच इंजिनाच्या बाहेर, कोरडा. त्याला ऑइलचा थेंब लागत नाही, गिअरबॉक्सचं ऑइलही वेगळं. तुमच्या स्प्लेंडरमध्ये पिस्टन, वरचा कॅम (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा), गिअर आणि क्लच अशी सगळी मंडळी एकाच ऑइलमध्ये बुडालेली. कारचं ऑइल करणारे त्यात घर्षण कमी करणारी रसायनं टाकतात, पेट्रोल वाचावं म्हणून. ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ म्हणजे तेच. कारला ते औषध आहे. पण क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरतात त्या घर्षणावरच, तेच काढून घेतलं तर धरणार कशा? म्हणून पहिले दोन दिवस गाडी मऊ वाटली. ऑइल वाईट नव्हतं, तुमच्या भावाची मायाही खोटी नव्हती. गाडी चुकली.

डबा घेताना बघायचं ते एकच नाव: जासो एमए किंवा एमए२. ही जपानची चाचणी, १९९८ पासूनची, खास चारटप्पी (फोर-स्ट्रोक) मोटरसायकलच्या ऑइलसाठी. त्यात ऑइलमध्ये बुडालेला क्लच किती घट्ट धरतो ते मशीनवर मोजतात. एमए२ म्हणजे पकड आणखी जास्त. एमबी म्हणजे पकड कमी, ते स्कूटरसाठी, कारण स्कूटरचा क्लच मागे कोरड्या पेटीत असतो. स्कूटरमध्ये चुकून एमए गेलं तर फार तर अ‍ॅव्हरेज थोडं पडेल. मोटरसायकलमध्ये एमबी गेलं तर तुमच्यासारखं होतं. डबा कन्नड दुकानातून घ्या नाहीतर मराठी दुकानातून, मागची ही दोन अक्षरं सगळीकडे तीच असतात. दुकानदाराने “बाइकचंच आहे” म्हटलं तरी डबा उलटा करून स्वतः वाचा.

आता आकडे. स्प्लेंडरला कंपनीने सांगितलंय १०डब्ल्यू-३०, एपीआय एसजे, जासो एमए. एपीआय म्हणजे ऑइलच्या दर्जाची अमेरिकन श्रेणी. एसजेच्या पुढची अक्षरं, म्हणजे एसएल, एसएम, एसएन, असली तरी चालतं, फक्त सोबत एमए पाहिजे. निपाणीच्या दादांनी २०डब्ल्यू-५० सांगितलंय. त्यांच्या त्या वेळच्या पल्सरला ते बरोबर आहे, बजाजनेच दिलेलं. पण त्यांचं औषध तुमच्या गाडीला लागू पडणार नाही.

गुऱ्हाळावर काकवी बघितली असेल. कढईतून ओतताना पाण्यासारखी पडते, तीच सकाळी डब्यातून चमच्याने ओढावी लागते. ऑइलचंही तसंच. पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापल्यावरचा. १०डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. बेळगावच्या डिसेंबरात दोन्ही गाड्या सुरू होतील, तो प्रश्नच नाही. बघायचा तो दुसरा आकडा. १०० अंशांना ३० नंबरच्या ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, आणि ५० नंबरचा १६.३ ते २१.९. जवळजवळ पावणेदोन पट दाट. स्प्लेंडरचा पंप लहान, वर कॅमकडे जाणारी वाट बारीक. त्या वाटेला मोजूनमापून जे ऑइल ठरवलंय त्याच्या पावणेदोन पट जाड ऑइल ढकलायला लावलं तर इंजिन दमतं, पेट्रोल जास्त पितं, आणि सकाळी पहिल्या किकनंतर ऑइल वर पोचायला उशीर लागतो. इंजिन सगळ्यात जास्त झिजतं ते त्याच वेळी.

जाड ऑइल मी घालतोच नाही असं नाही. लाखाच्या पुढे गेलेली, निळा धूर टाकणारी, महिन्याला पाव लिटर पिणारी गाडी आली आणि माणसाकडे बोअरिंग करायला पैसे नसले, तर २०डब्ल्यू-४० घालून सहा महिने काढून देतो. पण सांगून देतो, की हे रिंगांचं काम पुढे ढकललंय म्हणून. तुमची ७८ हजारांची, धुराचं तुम्ही काही लिहिलं नाही. तिला १०डब्ल्यू-३० च.

फिल्टर. तुमचे सर अर्धे बरोबर. पल्सरला असतो तसा काढून टाकायचा, नवा घालायचा कागदी फिल्टर स्प्लेंडरला नसतो. पण गाळायची सोय आहे, दोन ठिकाणी. एक जाळी, इंजिनाच्या तळाशी, पंपाच्या आधी. आणि दुसरी क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, टोकाला बसवलेली गोल डबी. क्रँक फिरतो तशी ती गरगर फिरते, ऑइलमधली जड घाण कडेला फेकली जाऊन आतल्या भिंतीला चिकटते आणि स्वच्छ ऑइल मधून पुढे जातं. ताक घुसळल्यावर लोणी वेगळं निघतं तसं, फक्त इथे निघतो तो चिखल. ही डबी विकत घ्यायची वस्तू नाही, उघडून साफ करायची. त्यासाठी उजवं कव्हर काढावं लागतं, म्हणून बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं कुणी हातच लावत नाही. मी दर १२ हजारांना उघडतो.

१४० रुपयांबद्दल लगेच कुणाला दोष देऊ नका. एअर फिल्टर बदलला आणि लिहिताना चुकून ऑइल फिल्टर लिहिलं असंही होतं. सीटच्या खालचं बाजूचं कव्हर काढा, एअर फिल्टर नवा दिसतो का बघा, मग विचारा.

आता करायचं काय ते सांगतो. आधी क्लचचा लिव्हर. टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळा हलला पाहिजे. ताणलेला असेल तर क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो आणि ऑइल कितीही चांगलं घाला, सरकणारच. हे घरीच बघा, फुकटचं काम आहे. मग इंजिन गरम असताना ते ऑइल पूर्ण काढा. १७ चा पाना, खाली पसरट डबा. बोल्टचा वायसर नवा घाला, पाच-दहा रुपयांचा असतो. नंतर उजवं कव्हर उघडून जाळी आणि डबी साफ. कव्हर उघडलं की क्लच समोरच असतो, तेव्हा प्लेटा हातात घेऊन बघा. घर्षणाच्या प्लेटा खाकी-तपकिरी असतील तर ठीक. काळ्या पडून चकाकत असतील, जळका वास येत असेल, किंवा मधल्या लोखंडी चकत्या निळ्या झाल्या असतील, तरच बदला. कव्हरचं पॅकिंग नवंच घाला, जुनं घातलं तर आठवड्यात ऑइल झिरपतं. मग १०डब्ल्यू-३० एमए भरा, ३०० किलोमीटर चालवा, आणि तेही काढून परत नवं भरा. पहिल्या वेळी प्लेटांच्या खाचांत मुरलेलं जुनं ऑइल सगळं निघत नाही, दुसऱ्या वेळी निघतं. एका जादा डब्याचा खर्च आहे, पण प्लेटांपेक्षा स्वस्त.

लिटरचा डबा अख्खा ओतू नका. आतलं सगळं ऑइल कधीच खाली येत नाही, थोडं राहतंच, म्हणून नवं लिटरपेक्षा कमी लागतं. गाडी डबल स्टँडवर, दोन-तीन मिनिटं चालू करून बंद, परत दोन-तीन मिनिटं थांबा. पट्टी पुसा आणि नुसती टेकवा, आटे फिरवून आवळू नका, नाहीतर लेव्हल खोटी दाखवते. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जरा खाली. तुमच्या भावाने लिटर पूर्ण ओतलं असेल तर आत्ता लेव्हल जास्तही असेल.

पांढऱ्या सायीचं राहिलं. नुसती टोपणाला आहे की पट्टीला लागलेलं ऑइलही चहासारखं झालंय? तेवढं बघून सांगा. तोवर गाडी चालवू नका.

रायबागऊस

काकांनी चांगलं समजावलं. पण माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे ट्रॅक्टरसाठी १५डब्ल्यू-४० चं बॅरल असतं. चार वर्षं झाली, माझ्या स्प्लेंडरला त्यातलंच घालतोय. दर तीन हजारांना बदलतो, कारण घरचंच आहे. क्लच सरकला नाही, इंजिन वाजलं नाही. एवढे डबे कशाला घ्यायचे मग? गावात निम्म्या गाड्यांत हेच असतं.

उद्यमबागलेथ (वडगाव, बेळगाव)

दादा, तुमचा अनुभव खरा मानतो. दर तीन हजारांना बदलता, हेच तुमच्या गाडीला वाचवतंय. जुनं चांगलं ऑइल चालवत बसण्यापेक्षा साधं ऑइल वेळेवर बदललेलं कधीही बरं.

तरी दोन गोष्टी मनात असू द्या. ट्रॅक्टरच्या ऑइलमध्ये कारसारखी घर्षण घालवणारी रसायनं सहसा नसतात, म्हणून क्लच लगेच सरकत नाही. पण डिझेलची काजळी धुवायला त्यात खनिजांचा भरणा जास्त असतो, ते जळलं की राख होते. जासोने मोटरसायकलच्या ऑइलला राखेची मर्यादा १.२ टक्के घातलीय. ती राख पिस्टनच्या डोक्यावर आणि व्हॉल्व्हवर बसते. चार वर्षांत दिसणार नाही, हेड उघडाल तेव्हा दिसेल. दुसरं, मोटरसायकलमध्ये तेच ऑइल गिअरच्या दातांत चिरडलं जातं. ट्रॅक्टरमध्ये इंजिनाच्या ऑइलवर ही पाळी येत नाही, गिअरबॉक्सला तिथे वेगळं ऑइल असतं. चिरडून ऑइल पातळ होत जातं, ४० नंबरचं घातलेलं हजार-दोन हजारांत ४० राहत नाही.

आणि रायबागचा रस्ता सपाट आहे हो. तुमची गाडी एकदा दोघे बसून चोर्ल्याच्या घाटात न्या, मग कळेल क्लच किती धरतो ते.

टिळकवाडी३५०

इथे कुणी बुलेटवाले असतील तर त्यांच्यासाठी. क्लासिक ३५० ला १५डब्ल्यू-५०, जासो एमए२. आणि तिला कागदी फिल्टर असतो, ऑइलबरोबर बदलावाच लागतो. ज्यांच्याकडे जुनी ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट आहे त्यांचा हिशेब वेगळा, तिथे इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचच्या पेटीचं ऑइल वेगवेगळं. आमच्या मामांच्या १९८४ च्या गाडीला मी एकदा तिन्हीकडे एकच ऑइल घातलं आणि मामा महिनाभर बोलले नव्हते.

एक विनंती. ऑइल बदलल्यावर रिकामा डबा गॅरेजमध्ये तसाच सोडू नका. माझ्या डोळ्यांदेखत एकजण सीलसकट चांगले दिसणारे रिकामे डबे दहा-दहा रुपयांना गोळा करत होता. त्यात परत काय भरलं जातं ते सांगायला नको. मी खिळ्याने तळाला भोक पाडून मगच देतो. विकत घेताना टोपणाखालचं सील, तारीख आणि बॅच बघतो, डब्यावर खरवडून बघायचा कोड असेल तर फोनवर तपासतो.

जांबोटीरोड (खानापूर)

काका, मनापासून आभार. तुम्ही लिहिलेलं मी कागदावर उतरवून घेतलं आणि आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मी तर तीस वर्षं गाडी चालवलो, पण ती डबी कधी बघितलो नाही.”

आधी पट्टी बघितली. साय फक्त टोपणाला होती. पट्टीला लागलेलं ऑइल मधासारखंच, स्वच्छ. पुसून परत दोन दिवसांनी बघितलं (फक्त दुकानापर्यंत जाऊन आले, शाळेला बसने गेले), तर परत थोडी धरलेली.

क्लचचा लिव्हर मोजला. पट्टी धरून १४ मिलिमीटर. म्हणजे तो ठीक.

रविवारी इथल्याच एका मिस्त्रींकडे गाडी नेली आणि बाजूला उभी राहिले. मिस्त्री वयाने लहान आहेत, पण मी कागद दाखवल्यावर त्यांनीच रस घेतला. आधी किक काढली, क्लचची केबल सोडवली, मग कव्हर. कव्हर आलं तसं आतून ऑइलची धार लागली, खाली आप्पांचा जुना ॲल्युमिनिअमचा टोप धरला होता. गोल डबीच्या झाकणाचे स्क्रू इतके बसले होते की ठोकून सोडवावे लागले. झाकण निघालं आणि आत काय होतं! कडेला चारी बाजूंनी बोटाच्या पेराएवढा जाड काळा थर. चिखल नव्हे, वाळलेल्या शेणासारखा घट्ट. मिस्त्रींनी बांबूची काडी तासून त्याने खरवडला, म्हणाले लोखंडाने खरवडलं तर ओरखडे पडतात. कागदावर काढून ठेवला तो मूठभर झाला. मग रॉकेलने धुतली तेव्हा आतली भिंत पांढरी दिसायला लागली. जाळीत तपकिरी धागे अडकले होते आणि दोन बारीक चकचकीत कण. जाळी काढताना कुठली कड आत होती त्याचा मी फोनवर फोटो काढून ठेवला, बसवताना उपयोगी पडला.

प्लेटा बाहेर काढून ओळीने पेपरवर मांडल्या. खाकी रंगाच्या, वास नाही. लोखंडी चकत्या राखाडी, कुठेच निळ्या नाहीत. मिस्त्रींनी स्वतःच सांगितलं, बदलायची गरज नाही. त्याच प्लेटा धुऊन, नव्या ऑइलमध्ये भिजवून परत घातल्या.

१४० चा उलगडा झाला. एअर फिल्टर कव्हर काढून बघितला, नवाकोरा आहे. तुम्ही म्हणालात तसंच, लिहिताना चुकलं होतं. बरं झालं आधी भांडले नाही.

आता १०डब्ल्यू-३० एमए आहे. सोमवारी शाळेला गेले. पहिल्या दिवशी चढाला अगदी थोडं सरकल्यासारखं वाटलं, गुरुवारी अंगणवाडीच्या बाईंना बसवून गेले तेव्हा काहीच नाही. तिसऱ्या गिअरमध्ये सरळ वर. आत्तापर्यंत २१० किलोमीटर झालेत.

सायीचं काय करू?

उद्यमबागलेथ (वडगाव, बेळगाव)

वाचून फार बरं वाटलं बाई. आप्पांना माझा नमस्कार सांगा. प्लेटा भिजवून घातल्या हे त्या मिस्त्रींनी अचूक केलं, कोरड्या घातल्या असत्या तर पहिल्याच चढाला जळायचा धोका होता. त्या पोराला सोडू नका.

टोपणालाच साय असेल तर ती हवेतली वाफ आहे. जुलै-ऑगस्टात खानापूर-जांबोटीला हवेतच पाणी असतं. गाडी तापते, थंड होते, आतली ओल टोपणाखाली जमते. रोज २५ किलोमीटर एका दमात चालली की ऑइल तापून ती उडून जाते. दुकानापर्यंत जाऊन आल्यावर परत दिसली ती त्यामुळेच, गाडी पुरती तापलीच नाही. फडक्याने पुसत जा आणि टोपणाची रबरी रिंग चिरलेली नाही ना ते बघा.

पण कधी पट्टीवरचं ऑइलच दुधाच्या चहासारखं दिसलं तर किकसुद्धा मारू नका. तुमच्या गाडीत रेडिएटर नाही, म्हणजे आतलं पाणी ऑइलमध्ये यायला वाटच नाही. ते बाहेरूनच आलेलं असणार. एकतर धुताना प्रेशरचा पाइप जवळून मारलेला, नाहीतर मलप्रभेचं पाणी पुलावरून जात असताना गाडी घातलेली आणि इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून ते आत गेलेलं. तसं झालं तर ऑइल काढा, स्वस्तातलं एमए भरून पाच मिनिटं चालवून तेही काढा, मगच चांगलं भरा. पुलावर पाणी असेल तर तुम्ही मात्र थांबाच. शाळा एक दिवस उशिरा भरली तर चालते.

निपाणीपल्सर

काका, माझंही चुकलंच, आपल्या गाडीवरून सगळ्यांना सांगितलं. आता पल्सरचं विचारतो. परवा स्वतःच ऑइल आणि फिल्टर बदलला. नंतर वरून, टाकीच्या खालून, टकटक आवाज येतोय. पहिल्या दिवसापासून. काचेच्या खिडकीत लेव्हल बरोबर आहे.

उद्यमबागलेथ (वडगाव, बेळगाव)

दादा, गाडी आत्ता बंद करा. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच.

फिल्टरची एक बाजू पुरी उघडी असते आणि दुसरी बंद, किंवा एका बाजूला रबरी ओठ असतो. तो उलटा बसला तरी कव्हर नीट आवळलं जातं, बाहेरून काही कळत नाही. आत मात्र ऑइलची वाट अडते. लेव्हल बरोबरच दिसणार, कारण ऑइल तळाला आहे. वर कॅमला पोचत नाही, म्हणून तुम्हाला वरून टकटक ऐकू येते. फिल्टरचं छोटं झाकण काढा. जुना फिल्टर टाकला नसेल तर तो शेजारी ठेवून बघा, त्याच्यावर ऑइलच्या डागावरून कुठली बाजू आत होती ते कळतं. झाकणाची रबरी रिंग खाचेत बसलीय ना, दुमडली नाही ना, आणि फिल्टरमागची स्प्रिंग जागेवर आहे ना, हेही बघा. परत बसवताना फिल्टरच्या जागेत थोडं ऑइल ओता. मग किल्ली बंद ठेवून दहा-पंधरा किका मारा, म्हणजे ऑइल वर चढेल. त्यानंतरच चालू करा. दोन मिनिटांत टकटक थांबली नाही तर गाडी ढकलत न्या, चालवत नको.

निपाणीपल्सर

काका, उलटाच होता. जुना फिल्टर डब्यातच पडला होता, शेजारी धरला तेव्हा लक्षात आलं. सरळ बसवला, किका मारल्या, आवाज गेला. कॅमला काही झालं असेल का?

उद्यमबागलेथ (वडगाव, बेळगाव)

किती किलोमीटर चालवली तशी?

निपाणीपल्सर

चौदा. घर ते सौंदलगा आणि परत.

उद्यमबागलेथ (वडगाव, बेळगाव)

आवाज पूर्ण गेला असेल तर बहुतेक वाचलात. ५०० किलोमीटरनंतर ऑइल काढा आणि स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून गाळून बघा. काहीच नसेल तर विसरून जा. चमकी दिसली तर हेडचं झाकण उघडून कॅमवर बोट फिरवायचं, खरखरीत लागतो का ते बघायला. बेळगावला आलात तर मीच बघेन.

जांबोटीरोड (खानापूर)

काका, दुसऱ्यांदा ऑइल बदलायचं ते तुमच्याकडे येऊन केलं तर चालेल का? पुढच्या रविवारी ३०० पूर्ण होतील. आप्पांनाही यायचंय, बसने येतील. काढलेलं पहिलं ऑइल टोपातच आहे. शेजारचे गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून मागतायत. देऊ का?

उद्यमबागलेथ (वडगाव, बेळगाव)

या की. सकाळी दहानंतर, एकच्या आत. वडगावात आल्यावर इथेच निरोप टाका, रस्ता सांगतो.

जळकं ऑइल गोठ्याला देऊ नका. म्हशी खांब चाटतात, आणि पावसात ते धुऊन विहिरीकडे जातं. कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावा आणि येताना घेऊन या. माझ्याकडे बॅरल आहे, भरलं की शुद्ध करणाऱ्या परवानाधारकाचा माणूस येऊन घेऊन जातो. नवा डबा तिकडेच घ्या, १०डब्ल्यू-३० एमए, आणि वायसर दोन आणा. माझ्याकडचेही संपलेत.